फ्लरी : माणूस एकही राहत नाही, तरी गावाला मेअर आहे

प्रश्न असा आलाय की ‘फ्रान्समध्ये व्हर्दांजवळ एक गाव आहे, लोकसंख्या शून्य आणि तरी तिथे मेअर आहे, हे खरं आहे की रील बनवणाऱ्यांनी सोडलेली पुडी? आणि खरं असेल तर रिकाम्या गावाला मेअर कशाला?’ मी या भागात बरीच वर्षं गाइड म्हणून ग्रुप फिरवतोय, आपले मराठी लोकही असतात त्यात, आणि बसमधून उतरल्यावर अर्ध्या तासात हाच प्रश्न येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तेव्हा वाचा.

खरं आहे. आणि एक नाही, अशी सहा गावं आहेत. पण सगळ्यात जास्त लोक जिथे जातात ते म्हणजे फ्लरी-दव्हाँ-दुओमों, आपण नुसतं फ्लरी म्हणू. ईशान्य फ्रान्समधल्या म्यूज जिल्ह्यात, व्हर्दां शहरापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. सरकारी जनगणनेच्या यादीत गावाचं नाव आजही येतं आणि समोर लोकसंख्या ०.

हे का, ते कळायला आधी फ्रान्समध्ये कम्यून म्हणजे काय ते बघावं लागेल. आपल्याकडे दोन-तीन वाड्या मिळून एक गट ग्रामपंचायत असते तसलं इथे फारसं नाही. राज्यक्रांती झाली तेव्हा १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने जिथे जिथे चर्चचा पॅरिश (एका चर्चच्या हाताखालचा भाग) होता त्या जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःची कम्यून मिळाली, आणि त्यातल्या बहुतेक अजून तशाच आहेत, आजही देशात ३५ हजाराच्या आसपास कम्यून आहेत. मोठं शहर पण कम्यून आणि चाळीस माणसांचं खेडं पण कम्यून, कायद्यात दर्जा तोच. द्रोम जिल्ह्यात रोशफूर्शा नावाची कम्यून आहे, तिथे अधिकृत रहिवासी एकच, पण मेअर आणि काउन्सिल आहे, कारण मतदार यादीत नाव असायला तिथेच राहावं लागतं असं नाही, तिथे घर असून कर भरत असाल तरी चालतं. तर कम्यून म्हणजे हद्द, नाव, जन्म-मृत्यूचं रजिस्टर आणि ते सांभाळणारा मेअर. माणसं किती ही पुढची गोष्ट. हे डोक्यात पक्कं बसलं की फ्लरीचं प्रकरण विचित्र वाटत नाही.

पहिल्या महायुद्धाआधीचं फ्लरी म्हणजे अगदी साधं गाव. १९११ च्या जनगणनेत ४२२ माणसं. शेती, गुरं, आजूबाजूच्या जंगलातलं लाकूड, एक शाळा, चर्च, कपडे धुवायचा सार्वजनिक हौद, लोहार, बेकरी, कॅफे, आणि रेल्वेचं छोटं स्टेशन. इतिहासाच्या पुस्तकात यावं असं काहीही तिथे घडलेलं नव्हतं. गावाचं दुर्दैव एकच, जागा. फ्लरी एका डोंगरकण्यावर होतं, एका बाजूला दुओमोंचा किल्ला, दुसऱ्या बाजूला सूव्हीलचा. १८७१ मध्ये जर्मनीकडून मार खाल्ला, आल्सास आणि लोरेनचा मोठा तुकडा गेला, सरहद्द एकदम जवळ आली, म्हणून फ्रान्सने व्हर्दांभोवती किल्ल्यांची कडी बांधली. किल्ले म्हणजे आपल्या राजगड-तोरण्यासारखे नाहीत हां, जमिनीत अर्धे पुरलेले, वर माती आणि काँक्रीट, लांबून बघाल तर टेकडी वाटते. लोकांना सवय झाली होती, शेताच्या बांधापलीकडे फौज, इतकंच.

२१ फेब्रुवारी १९१६ ला जर्मन तोफांचा भडिमार सुरू झाला आणि गावाला बाहेर पडायचे आदेश आले. भर थंडीत, हाताला लागेल ते घेऊन लोक निघाले. चारच दिवसांत, २५ फेब्रुवारीला, दुओमोंचा किल्ला पडला, आणि तो पण कसा, आत पन्नास-साठ माणसांची शिबंदी, आणि मूठभर जर्मन सैनिक जवळजवळ न लढता आत शिरले. फ्रेंचांना ही नामुष्की फार लागली. ७ जूनला जवळचाच व्होचा किल्ला गेला, तो मात्र पाण्याचा शेवटचा थेंब संपेपर्यंत लढून. मग मध्ये राहिलं फ्लरी.

२२ जूनच्या रात्री जर्मनांनी डायफॉस्जीन या विषारी वायूचे लाखाच्या वर गोळे टाकले, नवीन प्रकार होता, आणि २३ जूनला बव्हेरियन तुकड्या फ्लरीत घुसल्या. तिथून १८ ऑगस्टपर्यंत गाव १६ वेळा या हातातून त्या हातात गेलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, गावातल्या पाटीवरही तेच, मीही तेच सांगतो, पण सांगताना एक जोडतो की जुलैनंतर घ्यायला ‘गाव’ असं काही उरलंच नव्हतं. विटांचा चुरा आणि चिखल. नकाशावर फ्लरी लिहिलं होतं म्हणून लढायचं. १२ जुलैला काही जर्मन सैनिक सूव्हीलच्या माथ्यापर्यंत पोचले, तिथून व्हर्दांचं कॅथेड्रल दिसतं, पण तेवढंच, त्यांच्यामागून कोणी येऊ शकलं नाही. सोम नदीवर ब्रिटिश आणि फ्रेंचांनी १ जुलैला दुसरी आघाडी उघडली होती, जर्मनांचा जोर तिकडे ओढला गेला.

१८ ऑगस्टला फ्लरी कायमचं परत घेतलं ते मोरोक्कोच्या कलोनियल इन्फन्ट्री रेजिमेंटने. नाव ऐकून आपले लोक लगेच म्हणतात ‘म्हणजे मोरोक्कन लोकांनी घेतलं’, तसं नाही, रेजिमेंट उभी राहिली मोरोक्कोत म्हणून ते नाव, शिपाई बहुतांशी फ्रेंचच होते. उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेतली माणसं व्हर्दांला लढली नाहीत असं मात्र अजिबात समजू नका, दुओमोंच्या मोठ्या राष्ट्रीय स्मशानभूमीत मुस्लिम सैनिकांच्या कबरींचा वेगळा भाग आहे, मक्केकडे तोंड करून.

आणि हो, ‘आपले भारतीय इथे लढले का?’ हाही ठरलेला प्रश्न. नाही. भारतीय पायदळ फ्रान्सच्या उत्तरेला, न्यव्ह-शापेल, ला बासे त्या पट्ट्यात होतं आणि १९१५ च्या शेवटी ते मेसोपोटेमियाकडे गेलं, घोडदळ मागे राहिलं पण ते ब्रिटिशांच्या भागात. पुण्याच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (म्हणजे लष्करी इंजिनिअर सैनिकांच्या) दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये न्यव्ह-शापेलच्या हल्ल्यात अक्षरशः संपल्या, तेव्हा घरातलं कोणी त्या पलटणीत असेल तर व्हर्दांला येऊन शोधू नका, तिकडे जा. व्हर्दां ही फ्रेंच आणि जर्मनांची लढाई.

लढाई डिसेंबर १९१६ पर्यंत चालली, दोन्हीकडचे मिळून मेलेले ३ लाखांच्या आसपास धरतात. आता मूळ प्रश्नाकडे येतो, युद्ध संपल्यावर गाव परत का बांधलं नाही. कारण बेचिराख झालेली गावं उत्तर फ्रान्समध्ये शेकड्यांनी होती आणि त्यातली बहुतेक परत उभी राहिली, सोमच्या भागात गेलात तर कळणारही नाही की १९१८ मध्ये इथे दगडावर दगड नव्हता.

१९१९ मध्ये सरकारने युद्धात गेलेल्या सगळ्या जमिनीचं वर्गीकरण केलं. हिरवा पट्टा म्हणजे थोडी साफसफाई करून शेती चालू करा, पिवळा म्हणजे जास्त मेहनत, आणि लाल पट्टा म्हणजे जमीन पूर्ववत करायला जेवढा खर्च येईल तेवढी तिची किंमतच नाही. हा असा कोरडा हिशेब होता, आणि मला विचाराल तर प्रामाणिक होता. फ्लरीची जमीन लाल पट्ट्यात गेली. कोट्यवधी गोळे पडलेले, त्यातला बराच मोठा भाग न फुटता मातीत रुतलेला, वर वायूचे गोळे, आणि माणसांची हाडं. वरची सुपीक माती खाली आणि खालचा चुनखडीचा दगड वर, नांगरायचं कशात? युद्धाच्या नुकसानभरपाईचा कायदा एप्रिल १९१९ मध्ये झाला होता, लोकांना पैसे मिळाले आणि त्यांनी दुसरीकडे संसार मांडले. जमिनी सरकारने घेतल्या.

इथपर्यंत समजायला सोपं आहे. सोपा पुढचा मार्ग हा होता की गाव खलास, कम्यून रद्द, हद्द शेजारच्या गावाला जोडा, फाइल बंद. दुसरीकडे अगदी तसंच झालं. शांपान्यमध्ये स्विपच्या लष्करी तळात ताऊर, पेर्त, उर्लुस अशी गावं गेली, ती १९५० मध्ये शेजाऱ्यांत विलीन केली, आज त्यांची नावं फक्त जोडनावात उरलीत, सोम्पी-ताऊर, सुवँ-पेर्त-ले-उर्लुस. तिकडून गाडीने जाणाऱ्याला कळतही नाही की पाटीवरचं दुसरं नाव एका मेलेल्या गावाचं आहे.

व्हर्दांच्या नऊ गावांबाबत मात्र ठरवून उलट केलं. या गावांना ‘फ्रान्ससाठी मृत’ म्हटलं गेलं, म्हणजे जे शब्द सैनिकाच्या कबरीवर लिहितात ते गावाला लावले. आणि १८ ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने त्यांना म्युनिसिपल कमिशन आणि त्याचा अध्यक्ष दिला, अध्यक्षाला अधिकार मेअरचे. मतदारच नाहीत म्हटल्यावर निवडणूक कसली, म्हणून ही माणसं जिल्ह्याचा प्रेफे नेमतो, प्रेफे म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा सरकारचा माणूस. तीन जणांचं कमिशन. तर रील करणारे ‘एकही माणूस नाही तरी निवडणूक होते’ म्हणतात ते चूक, निवडणूक होत नाही, नेमणूक होते.

नऊ गावं म्हणजे बोमों, बेझोंव्हो, क्युमियेर, दुओमों, फ्लरी, ओमों, लुव्हमों, ओर्न आणि व्हो. पैकी व्हो मूळ जागेपासून थोडं बाजूला परत बांधलं गेलं, तिथे माणसं राहतात. दुओमों आणि ओर्नमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उरलेली सहा पूर्ण रिकामी. २०१९ च्या १ जानेवारीला दुओमों आणि व्हो एकत्र होऊन दुओमों-व्हो अशी एक कम्यून झाली, म्हणजे माणसं आहेत तिथे विलीनीकरण झालं आणि माणसं नाहीत ती सहा स्वतंत्र राहिली, हे मला फार गमतीचं वाटतं. पण कारण साधं आहे, जिवंत गावाला पाणी, रस्ता, कचरा, बजेट असे प्रश्न असतात, दोन गावं मिळून ते सोपे जातात. फ्लरीला कसलं बजेट वाचवायचंय?

मग अध्यक्ष करतो काय, असं विचारतात लोक, जरा टर उडवायच्या सुरात. काम आहे. गावाच्या हद्दीतले स्मारक, चॅपल, पायवाटा यांची देखभाल बघायची, वनखात्याशी बोलायचं, वर्षातून एकदा गावचा कार्यक्रम होतो त्याला तिरंगी पट्टा खांद्यावर घालून उभं राहायचं, शाळेच्या सहली, परदेशी पाहुणे, कागदपत्रं. पगारासाठी करावं असं हे पद नाही. नेमणूक होते ती बरेचदा अशा लोकांची ज्यांचे आजे-पणजे त्याच गावचे. फ्लरीत अलीकडे बरीच वर्षं असे अध्यक्ष होते ज्यांच्या पणजोबांचं घर तिथलं.

आणि कधी कधी हे पद एकदम खरं होतं. २०१३ च्या मे महिन्यात फ्लरीत फिरणाऱ्या जर्मन पर्यटकांना मातीतून काहीतरी वर आलेलं दिसलं, खणलं तर एका जुन्या शेतघराच्या तळघरात २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. काहींचे ओळखीचे बिल्ले सोबत होते, त्यावरून नावं लागली, घरच्यांचा शोध घेतला गेला, मानाने दफन झालं. ९७ वर्षांनी. माणसं राहत नसली तरी गावाच्या हद्दीत माणसं आहेत ती अशी. जवळच्या दुओमोंच्या अस्थिस्मारकात १ लाख ३० हजार अनोळखी सैनिकांची हाडं ठेवलीत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र, वेगळी करताच आली नाहीत. बाहेर मागच्या बाजूला खाली बुटक्या खिडक्या आहेत, तिथून आत हाडं दिसतात. लहान मुलं सोबत असतील तर आधी ठरवा दाखवायचं की नाही, मी सांगून ठेवतो कारण काही आईबाप नंतर माझ्यावर चिडलेत.

आता तिथे गेल्यावर दिसतं काय. पहिल्यांदा येणाऱ्याची निराशा होते, स्पष्ट सांगतो. लोकांच्या डोक्यात ओरादूर-सुर-ग्लान असतं, ते १९४४ मध्ये नाझींनी जाळलेलं गाव, तिथे भिंती उभ्या आहेत, गंजलेल्या मोटारी, शिवणयंत्रं, सगळं तसंच ठेवलंय आणि शेजारी नवीन ओरादूर बांधलंय. फ्लरीत एकही भिंत नाही. हिरवीगार जमीन आणि ती सगळी खड्ड्याखड्ड्यांची, समुद्र गोठल्यासारखी, झाडं, मधून पायवाटा, आणि कडेला छोटे खांब ज्यावर लिहिलंय इथे बेकरी होती, इथे शाळा, इथे कपडे धुवायचा हौद, इथे अमक्याचं शेतघर. रस्ते पण मूळ गल्ल्यांना धरून आहेत. चर्चच्या जागी १९३४ मध्ये चॅपल बांधलं, आज त्याला युरोपची नोत्र-दाम म्हणतात. बस्स. माझा अनुभव असा की ज्यांनी आधी दुओमोंचा किल्ला आणि म्युझियम बघितलं ते फ्लरीत आल्यावर गप्प होतात आणि जे थेट इथेच येतात ते दहा मिनिटांत ‘झालं का?’ विचारतात. तेव्हा क्रम तसा ठेवा. म्युझियम म्हणजे मेमोरियल द व्हर्दां, १९६७ मध्ये जुन्या सैनिकांच्या पुढाकाराने उभं राहिलं आणि ते उभं आहे बरोब्बर फ्लरीच्या रेल्वे स्टेशनच्या जागेवर. २०१६ ला शंभर वर्षं झाली तेव्हा नवीन करून उघडलं, छान आहे, दोन तास सहज जातात.

जंगल बघून कोणी म्हणतं ‘निसर्गाने सगळं परत घेतलं’. नाही हो, लावलंय ते. १९२० आणि ३० च्या दशकात लाल पट्ट्यात कोट्यवधी झाडं लावली, ऑस्ट्रियन काळा पाइन आणि स्प्रूस, त्यातलं काही बी-रोप जर्मनीकडून युद्धखंडणी म्हणून आलेलं. दुसरं काही त्या मातीत उगवतही नव्हतं. शेतकऱ्यांना ते आवडलं असेल असं कोण म्हणेल, पिढ्यानपिढ्या नांगरलेल्या जमिनीवर जंगल लावायचं म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. आज त्या पाइनच्या सावलीत बीच आणि ओक वाढलेत, स्प्रूसला गेल्या काही वर्षांत दुष्काळ आणि सालीतले किडे यांनी झोपवलंय, मोठमोठे पट्टे तोडावे लागले. गोळ्यांच्या खड्ड्यांत पाणी साचून डबकी झाली, त्यात पिवळ्या पोटाचा एक दुर्मिळ बेडूक राहतो, आणि किल्ल्यांच्या बोगद्यांत वटवाघळं, त्यामुळे आता हा भाग संरक्षित आहे. याच जंगलपट्ट्यात पुढे एक जागा आहे जिथे युद्धानंतर उरलेले वायूचे गोळे जाळून नष्ट केले, तिथली माती आर्सेनिकने इतकी भरलीय की शंभर वर्षांनी पण नीट गवत येत नाही, कुंपण घालून बंद केलीय.

एका गोष्टीवर मी जरा भांडतो. जवळच ‘संगिनींचा खंदक’ म्हणून स्मारक आहे, गोष्ट अशी सांगतात की सैनिक हल्ल्याला तयार उभे होते, गोळे पडले, खंदक मिटला आणि उभ्या उभ्या गाडले गेले, फक्त संगिनी वर राहिल्या. गोष्ट भारी आहे, एका अमेरिकन बँकरने पैसे दिले आणि १९२० मध्ये स्मारक झालं. पण इतिहासकारांचं म्हणणं वेगळं, मेलेल्यांना खंदकातच पुरून खूण म्हणून बंदुका रोवल्या होत्या, त्या काळात सगळीकडे तसंच करायचे. मी दोन्ही सांगतो. काही गाइड पहिलीच सांगतात कारण टिप चांगली मिळते.

अजून एक प्रश्न मराठी लोक हमखास विचारतात, गावाचे जुने कागद कुठे मिळतात, सगळं जळलं असेल ना? इथे फ्रान्सची जुनी सवय कामी येते. चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी १६६७ पासून दोन प्रतींत ठेवायचा नियम, एक गावात आणि एक कोर्टात. १७९२ पासून हे रजिस्टर चर्चकडून काढून कम्यूनकडे दिलं, दोन प्रतींची पद्धत तशीच राहिली. नेपोलियनच्या काळात १८०७ ला जमीन मोजणी सुरू झाली, गट नंबरासकट नकाशे, आपल्या सातबारासारखं समजा. म्हणजे गाव आणि गावातलं दफ्तर दोन्ही गेलं तरी दुसरी प्रत दुसरीकडे असायची शक्यता असते. म्यूज जिल्ह्याचं अर्काइव्ह बार-ल-द्युकला आहे, बरंचसं ऑनलाइन फुकट बघता येतं, फ्रेंच जुजबी येत असेल तरी जनगणनेच्या याद्या वाचता येतात, घरागणिक नाव, वय, धंदा.

परत तिथे कोणी राहू शकेल का? नाही. जमीन सरकारी जंगल, खाली अजून दारूगोळा, वर स्मारकाचं संरक्षण. २०२३ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या स्मशानभूमी आणि स्मारकं युनेस्कोच्या यादीत गेली त्यात इथली मोठी स्मशानभूमी आणि अस्थिस्मारकही आहे. कम्यून रद्द करायची मागणी मी तरी इथल्या कोणाकडून ऐकलेली नाही.

जायचं असेल तर पॅरिस-एस्त स्टेशनवरून म्यूज टीजीव्ही या हायस्पीड ट्रेनच्या स्टेशनपर्यंत साधारण तासाभरात पोचता, तिथून व्हर्दांला बस असते, पण पुढे रणभूमीवर फिरायला स्वतःची गाडी नाहीतर टॅक्सी लागतेच, पब्लिक ट्रान्सपोर्टच्या भरवशावर राहू नका. फ्लरी गावात तिकीट नाही, कधीही जा, म्युझियम आणि किल्ल्यांना तिकीट आहे आणि हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात, वेबसाइट बघून निघा. पायवाट सोडू नका, खड्ड्यांत उतरून फोटो काढू नका, आणि जमिनीवर लोखंडाचा तुकडा दिसला तर उचलायचा नाही, मेटल डिटेक्टर तर परवानगीशिवाय कायद्याने बंद आहे. बॉम्ब निकामी करणारं पथक आजही या भागातून दरवर्षी गोळे उचलून नेतं. पावसाचे बूट घ्या, इथला चिखल ऑगस्टमध्येही असतो.